खांबावरचा हातमोजा

तिरिलला बर्गनला सोडायला मी गेले ती हिवाळी सुट्टीच्या पहिल्याच शनिवारी. सोडायला म्हणजे नुसती सोबत. सामान सगळं तिचं: दोन बॅगा, एक पाठपिशवी आणि दह्याच्या रिकाम्या डब्यात लावलेलं बारकं निवडुंग. ते ती ऑस्लोपासून मांडीवरच घेऊन बसली होती. तिच्या आईबाबांनी वेगळं व्हायचं ठरवलं, आणि तिने बाबांकडे राहायचं. मी एक रात्र तिथे राहून रविवारी एकटीच परतणार होते.

आम्ही पहिलीपासून एका बाकावरच्या. मी फारशी बोलत नाही हे वर्गात सगळ्यांना माहीत आहे. माझ्या वाटचं तिरिलच बोलते, दुकानात, दवाखान्यात, शिक्षकांसमोरसुद्धा. "विल्देला म्हणायचंय की..." अशी सुरुवात करून ती नेमकं माझ्या मनातलंच सांगते. पण तीन आठवड्यांपासून एक वाक्य माझ्या तोंडात अडकलं होतं, आणि ते माझ्या वतीने तिला बोलता येणार नव्हतं. जाऊ नकोस. एवढंच.

आईने तिकिटं उशिरा काढल्यामुळे आम्हाला शांत डब्यात जागा मिळाली. दारावर ओठांवर बोट ठेवल्याचं चित्र असतं, तो डबा. फोन नाही, गाणी नाहीत, बोलायचं तर कुजबुजून.

"सात तास गप्प?" तिरिल डोळे फिरवत कुजबुजली. "तुझी चैन आहे बाई. मी मरणार."

मधे टेबल असलेल्या चार जागा होत्या. खिडकीशी आम्ही दोघी समोरासमोर, आणि आमच्या शेजारच्या दोन्ही खुर्च्यांवर कोट. ऐसपैस जागा रिकामी असताना अनोळखी माणसाच्या शेजारी आमच्याकडे कुणी बसत नाही, त्यामुळे त्या तशाच राहिल्या. वाटेच्या पलीकडे एक म्हाताऱ्या बाई करडा पायमोजा विणत होत्या. बाकी माणसं पेंगत होती.

वेळ काढायचा म्हणून आम्ही काचेवर फुंकर घालून वाफ धरायचो आणि तिच्यावर बोटाने फुल्ली-गोळा खेळायचो. तिरिल दर वेळी मधल्या घरात फुल्ली मारून सुरुवात करते. मी तिला कितीदा सांगितलंय की मधलं घर कधीतरी मला दे. "मग मी हरेन ना, शहाणे," ती म्हणते. वाफ विरली की डाव मोडायचा. हरणाऱ्याची चंगळ.

पहिला बोगदा आला तेव्हा तिने नवा खेळ काढला.

"श्वास धरायचा. बोगद्यात शिरताना धरायचा आणि बाहेर पडल्यावर सोडायचा. जी आधी सोडेल तिने दुसरीच्या एका प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं. खरं हं, विल्दे! गुळमुळीत नाही."

शाळेच्या बँडमध्ये ती ट्यूबा वाजवायची. तिच्याएवढाच थोराड तो पितळी भोंगा, आणि तो घुमवायला लागणारा दम तिच्या छातीत असायचा. तिचा श्वास लांब आणि खोल होता. वर्गात ती माझ्यामागे उभी असली तर न वळता मला कळायचं. मी अर्थातच हरत गेले.

"गणिताची वही मागच्या महिन्यात कुणाची उतरवलीस?"

"मायकेनची."

"आणि मला म्हणालीस स्वतः सोडवलं! खोटारडे!"

पलीकडच्या बाईंनी सुयांवरून एकदा बघितलं. तिरिलने दोन्ही हातांनी तोंड दाबून घेतलं आणि तिचे खांदे हसण्याने हलत राहिले.

पाचव्या की सहाव्या बोगद्यानंतर तिने विचारलं, "मी गेल्यावर डबा कुणाबरोबर खाणार?"

नियम खऱ्याचा होता. मी म्हणाले, "एकटी."

ती निवडुंगाच्या डब्याचा कागद नखाने खरवडत राहिली. मग पाठपिशवीतून डबे काढले. तपकिरी चीज लावलेले पाव, मधे कागद, आणि चार कांड्यांचं चॉकलेट. दोन तिला, दोन मला. दर सहलीला असतं तसंच.

मी तेव्हाच मनाशी ठरवलं. एक डाव मी जिंकणार. पुढे डोंगरमाथ्यावर दहा किलोमीटरचा बोगदा लागतो. तो सबंध कुणालाच जमणार नाही, पण तिच्यापेक्षा क्षणभर जास्त मला धरता येईल. आणि मग प्रश्न मी विचारणार. तू राहा म्हटलं तर राहशील का?

त्या बोगद्याच्या अलीकडे स्कारवेबू नावाचं स्टेशन आहे. एक पिवळी इमारत आणि सगळीकडे बर्फ. समोरून येणाऱ्या गाडीसाठी आमची गाडी तिथे आठ-दहा मिनिटं थांबली. माणसं पाय मोकळे करायला उतरली. ऊन इतकं लख्ख होतं की डोळ्यांत पाणी येत होतं.

"अगं, तो बघ," तिरिल म्हणाली.

फलाटाच्या टोकाला वाऱ्याबरोबर उडणारं बर्फ अडवायला लाकडी कुंपण घातलं होतं. त्याच्या शेवटच्या खांबाच्या टोकावर लहान मुलाचा एक हातमोजा खोवलेला होता. काळ्या-पांढऱ्या लोकरीचा, मधे आठ पाकळ्यांची चांदणी, चार बोटांना मिळून एक पिशवी आणि अंगठा वेगळा.

यात नवल काहीच नाही. आमच्याकडे वाटेत हातमोजा पडलेला दिसला की तो उचलून जवळच्या खांबावर अडकवतात. ज्याचा असेल तो शोधत येतो, त्याला लांबून दिसावा म्हणून. आणि खांबावरचा मोजा कुणी घेत नाही. हे कुणी शिकवत नाही. चालायला लागल्यापासून आपल्याला माहीत असतं.

मला मात्र दोन गोष्टी खटकल्या. आजूबाजूच्या सगळ्या खांबांवर गोठलेल्या दहिवराचा बोटभर थर होता आणि मोज्यावर एक कणही नव्हता. आणि खांबापर्यंतचं बर्फ अगदी सपाट होतं. जातानाचं पाऊल नाही, येतानाचं नाही. मग तो तिथे लावला कुणी?

मी हे मनात जुळवत होते तोवर तिरिल कंबरभर बर्फातून तिथे पोचलीसुद्धा होती. तिचे स्वतःचे मोजे मोठ्या बॅगेत तळाशी गेले होते. सकाळपासून ती हात बाह्यांत ओढून फिरत होती. तिने मोजा काढला आणि डाव्या हातावर चढवला. अंगठा बसेना, तर चार बोटं आत कोंबली.

मला म्हणायचं होतं, ठेव तो परत. तोंड उघडलंही असेल.

"विल्दे," ती वळून म्हणाली. तिचा चेहरा जरा विचित्र झाला होता. "हा आतून गरम आहे."

तेवढ्यात शिटी झाली. ती धडपडत, हसत परत आली. "अगं, एकच तर आहे. बर्गनहून पोस्टाने पाठवीन. पत्ता: खांब, स्कारवेबू."

मी हसले. बोलले नाही. त्याबद्दल मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

*

गाडी बोगद्यात शिरली आणि आम्ही दोघींनी एकदमच श्वास धरला. तिने गाल फुगवले होते, निवडुंग बाजूला ठेवून दोन्ही हात टेबलावर पसरले होते. काचेत फक्त आम्ही आणि डब्यातले पिवळे दिवे. चाकांची घरघर बोगद्यात दाट होते, कानांत कापूस घातल्यासारखी, आणि मग तिची सवय झाली की तिच्यातून बारीकसारीक आवाज ऐकू यायला लागतात. सुयांची टिकटिक. कुणाच्या तरी कागदाची चुरचुर.

आणि श्वास.

लहान, भरभर. पळत आलेल्या मुलाचा असतो तसा. प्रत्येक श्वासाच्या शेवटी छातीत किंचित घरघर, सर्दी मुरल्यासारखी.

मला वाटलं तिरिल लबाडी करतेय. मी तिच्याकडे बघितलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. डोळे मात्र मोठे झाले होते, आणि ती माझ्याकडेच बघत होती. मी लबाडी करतेय असं तिला वाटत होतं.

आम्ही दोघींनी एकाच वेळी श्वास सोडला. तो आवाज थांबला.

"तू घेतलास," ती कुजबुजली.

"नाही. तू..."

"देवाशप्पथ नाही. पुन्हा धरू?"

पुन्हा धरला. या वेळी आवाज लगेच आला, आणि जवळून आला. आमच्या मधून. टेबल जिथे खिडकीला टेकतं त्या कोपऱ्यातून. मी मान न हलवता डोळे तिकडे नेले. काचेवर टेबलाच्या कडेपासून चार बोटं वर वाफेचा एक गोल उमटला होता. विरला. पुन्हा उमटला. टेबलावर हनुवटी टेकून कुणी लहान पोर बाहेर बघत बसलं, तर त्याचं तोंड जितक्या उंचीवर येईल, तितक्या उंचीवर.

माझी छाती फुटायला आली होती. मी श्वास सोडला. तिरिलने नाही सोडला.

मी तिचा दंड हलवला. "तिरिल... बस झालं. जिंकलीस."

ती माझ्याकडे बघत होती. ओठ मिटलेलेच.

"तिरिल!"

तेव्हा बोगदा संपला. ऊन एकदम डब्यात पडलं, सगळ्यांनी डोळे मिटले, आणि ती खोल तळातून वर यावं तशी दचकली.

"मला सोडताच येईना," ती म्हणाली. तिचा आवाज अर्धा झाला होता. "म्हणजे... सोडायला आत काही नव्हतंच."

मग तीच हसली. "भित्री भागूबाई, तोंड बघ तुझं." आणि डाव मांडायला म्हणून तिने काचेवर फुंकर घातली.

काच तशीच राहिली. स्वच्छ.

तिने पुन्हा, जवळ जाऊन, ओठ जवळपास टेकवून फुंकर घातली. काहीच नाही. मी माझ्या बाजूने हळूच फुंकलं. माझी वाफ पांढरीफटक उठली, पुरी बशीएवढी. आणि खालचा तो लहान गोल उन्हातही तिथेच होता. एकदा लहान, एकदा मोठा. एकदा लहान, एकदा मोठा.

"विल्दे," ती म्हणाली, "मला खूप थंडी वाजतेय."

माझ्या पिशवीत तिच्यासाठी विणलेले हातमोजे होते. लाल, पांढऱ्या चांदणीचे. तीन आठवडे ते मी रोज शाळेत नेत होते आणि रोज परत आणत होते, कारण देताना काहीतरी बोलावं लागलं असतं. आता मी न बोलताच ते टेबलावर टाकले. उजव्या मोज्यावरच्या चांदणीची एक पाकळी जाड झाली आहे. दोन टाके चुकले आणि मी उसवलं नाही. हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

"तू केलेस? माझ्यासाठी?" तिने उजवा हातात घातला. डाव्या हातातला काळा-पांढरा काढायला मात्र ती तयार होईना. "तोच एक गरम आहे गं. राहू दे."

तिच्या ओठांचा रंग गेला होता. निळे नव्हते, करडे झाले होते. तिची छाती हलते का ते मी बघत होते. बराच वेळ गेल्यावर ती एकदाच हलली.

मग मी उठले. वाट ओलांडली आणि त्या विणणाऱ्या बाईंसमोर उभी राहून मोठ्याने बोलले. कुजबुजून नाही. डब्यातल्या सगळ्या माना वळल्या.

"माझी मैत्रीण श्वास घेत नाहीये."

त्यांनी आधी तिरिलकडे बघितलं, आणि मग तिच्या डाव्या हाताकडे. सुया थांबल्या.

"पोरी, तो उचललात कुठून?"

"स्कारवेबूला. खांबावर होता."

"खांबावरचा घेत नाहीत गं कुणी."

"माहीत आहे."

त्यांनी पुढचं विचारलं नाही. मला वाटतं त्यांना माझ्या तोंडावरच दिसलं. त्या हलकेच म्हणाल्या, "मी शाळेत होते तेव्हाही तो तिथेच असायचा. आम्ही गाडीतून बघायचो. आई म्हणायची, बघावं, हात लावू नये. ज्याचा आहे तो न्यायला येईल."

"कोण?"

"तेच तर. साठ वर्षांत कुणी आलं नाही." त्यांनी लोकर मुठीत घट्ट धरली होती. "परत ठेव. जिथून घेतला तिथेच."

"ते तर मागे राहिलं..."

"मग मला नाही माहीत, बाळा."

पण पुढचं स्टेशन जवळ आलं होतं. ओवरडाल, गाडी तिथे एक मिनिट थांबते. तिरिलचे डोळे अर्धे मिटले होते. तिला स्कारवेबूला न्यायचं म्हणजे उलट्या गाडीची वाट बघत चार तास. माझ्याकडे चार तास नव्हते. खांब म्हणजे खांब, असं मी स्वतःला सांगितलं.

मी तिच्या हातातून मोजा ओढला. तो एकदम सुटला नाही. आतून कुणी तिची बोटं धरली होती आणि एकेक करून सोडत होतं, असं वाटलं. मी दाराकडे धावले. फलाटाच्या कठड्याच्या पहिल्याच खांबावर तो अडकवला आणि उडी मारून आत आले. दार माझ्या टाचेमागे मिटलं.

परत आले तर तिरिल ताठ बसली होती. गाल लाल, डोळे चकचकीत. तिने काचेवर हा करून वाफ धरली. भरभक्कम, पांढरी. खालचा लहान गोल नाहीसा झाला होता.

मी खुर्चीत कोसळले आणि रडले. आवाज न करता, कारण डबा शांत होता. पलीकडच्या बाईंनी मला एक लिमलेटची गोळी दिली. तिरिलला दिली नाही. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं, पण अर्थ कळला नाही.

"तू बरी आहेस?"

"बरी आहे," तिरिल म्हणाली. तिने दुसरा लाल मोजाही घातला आणि दोन्ही हात डोळ्यांसमोर धरून फिरवून फिरवून बघितले. मग काचेला टेकून झोपली. पुढचे सगळे बोगदे तिने झोपेतच काढले.

मी खेळत नव्हते. तरी बर्गनच्या तोंडाशी, उल्रिकेन डोंगराखालच्या शेवटच्या बोगद्यात, माझा श्वास आपोआप अडकला. समोर झोपलेल्या तिरिलचा मला ऐकू आला.

लहान, भरभर. शेवटी किंचित घरघर.

*

उतरताना निवडुंग टेबलावरच राहिलं. मी ते उचललं आणि तिच्या मागे धावले.

"तिरिल, हे तुझं."

तिने डब्याकडे बघितलं, पहिल्यांदाच बघावं तसं. "तुलाच राहू दे."

तिचे बाबा हात हलवत फलाटावर उभे होते. तिने त्यांच्या कोटात तोंड खुपसलं आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही. "अगं हो, हो, घरीच चाललोय," ते हसत म्हणाले, पण त्यांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांनी कुणीतरी न्यायला आलं, अशी ती त्यांना धरून उभी होती.

रात्री त्यांनी तिच्यासाठी राखून ठेवलेली गंमत बाहेर आणली. तिथल्या बँडकडून मागून आणलेला ट्यूबा. तिरिलने तो मांडीवर घेतला, ओठ लावले आणि फुंकलं. नुसती हवा फुसफुसली. पुन्हा फुंकलं. तिच्या छातीत शिट्टी वाजली आणि तिला खोकला आला.

"दमली आहे ती," बाबा म्हणाले.

"दमले मी," ती म्हणाली. मी काही बोलले नाही. मी नेहमी तेच करते.

रविवारच्या परतीच्या गाडीत मला पुन्हा शांत डबाच मिळाला. ओवरडालच्या कठड्यावर काहीच नव्हतं. मोठ्या बोगद्यात मी मुद्दाम मोठ्याने श्वास घेत राहिले, एक बाई वैतागून उठून गेली तरी. मग ऊन आलं, आणि स्कारवेबू. समोरच्या गाडीसाठी गाडी थांबली.

बर्फ सपाट होतं. काल तिरिल ज्या वाटेने गेली तिचीसुद्धा खूण राहिली नव्हती. सगळ्या खांबांवर दहिवर. शेवटच्या खांबावर मात्र एक हातमोजा होता.

लाल.

मी कंबरभर बर्फातून गेले. उजव्या हाताचा होता. पांढरी चांदणी, एक पाकळी जाड, दोन टाके चुकलेले. मी फोन काढला. तीनदा चुकीचा नंबर लागला.

"तुझे लाल मोजे कुठे आहेत?" मी विचारलं.

"माझ्या हातात," पलीकडून तिरिलचा आवाज म्हणाला. "दोन्ही. का गं?"

मी फोन बंद केला. उजव्या हाताची बोटं मोज्यात घातली.

तो आतून गरम होता.

खांबावरचा मोजा घेत नाहीत, हे मला चालायला लागल्यापासून माहीत आहे. जिथून घेतला तिथेच ठेवावा, हेही आता माहीत आहे. ज्याचा असेल तो न्यायला येतो, आणि कधी साठ वर्षं येत नाही. गाडीने शिटी दिली. तिथे इतका गारठा होता, आणि तिरिलला अंधाराची भीती वाटते. हे तिने फक्त मला सांगितलेलं आहे.

मी तो घेतला.

*

आता रविवारची संध्याकाळ आहे. आई कामावर गेली आहे. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दिवा लावून हे लिहितेय. बाहेर चारलाच अंधार पडला. खिडकीत निवडुंग ठेवलंय, आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे, टेबलावर, लाल मोजा.

मघाशी फोन वाजला. "पोचलीस का? मला लिहीत जा हं, विल्दे," तिरिल म्हणाली. चांगली आनंदात होती. बाबांनी सूप केलंय म्हणाली. मागे बशांचा आवाज येत होता. मी फोन टेबलावर ठेवला, बंद केला नाही, आणि श्वास धरला.

फोनमधून येत होता तो लहान, भरभर, घरघरणारा.

आणि समोरच्या खुर्चीतून दुसरा. लांब. खोल. न वळता मी ओळखते तो.

मी कितीतरी वेळ वर बघितलं नाही. बघितलं तेव्हा खिडकीच्या काचेवर, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, बशीएवढी वाफ धरली होती. तिच्यावर बोटाने दोन उभ्या रेघा, दोन आडव्या. मधल्या घरात फुल्ली.

वाफ विरत नाहीये. मी मघापासून बघतेय. बाकीची आठ घरं रिकामी आहेत, आणि आता माझी पाळी आहे.